गोळी कुणाच्या हातात

साहेब, तुम्ही भर सभेत खोटं बोललात.

परवाच्या तुमच्या सत्काराला मी मागच्या रांगेत होतो. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि तोंडात आम्ही. तुम्ही माइकवर म्हणालात, "समलिंगी लोकांमध्ये व्यसनाचं आणि नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं." इथपर्यंत खरं बोललात. मग म्हणालात, "कारण त्यांची राहणीच तशी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात चिवड्याची बशी होती, म्हणून माझी टाळी वाचली.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्या तोंडावर, बायामाणसांच्या साक्षीनं ते सांगून झालंय. विसरला असाल तर पुन्हा सांगतो. आता मला घाई नाही.

"पुरुष मंडळी बाहेर," तेव्हा तुम्ही मला केंद्राच्या दारातच अडवलंत. "आत फक्त घरातल्या बायका."

"दिगंबरच्या घरात बाई नाही, सर."

"आई?"

"वारली."

"बहीण? भावजय?"

"बहीण नाही. भावजय वैरागला. गुरं, पोरं, शेत सोडून ती कशी येणार?"

"मग तुम्ही कोण?"

"मित्र. आम्ही एका खोलीत राहतो."

"मित्रांनीच वाट लावलेली असते," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात आतून एक खणखणीत आवाज आला, "सर, बसू द्या की त्याला. दारात उभा राहून वारा अडवतोय नुसता."

त्या कलावतीकाकू. नवरा एसटीत कंडक्टर, तुमच्या केंद्रात चौथ्यांदा भरती. त्यामुळं काकूंचा तिथं सुपरवायझरसारखा वट होता. तुम्ही मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलंत. पंखा तिथपर्यंत पोचत नव्हता.

पंधराएक वर्षं झाली याला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेशंट आत असेपर्यंत दर शुक्रवारी घरातल्या बाईनं मीटिंगला यायचं, असा तुमच्या व्यसनमुक्ती केंद्राचा नियम होता. सोडायच्या दिवशी गोळ्यांची पाकिटं सगळ्यांसमोर तिच्या पदरात टाकायची. घरी गेल्यावर रोज सकाळी तिनं समोर बसून नवऱ्याला एक गोळी द्यायची. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली तर माणूस लालबुंद होतो, जीव घाबरा होतो, क्वचित जातोही. त्या भीतीनं तो पीत नाही. पुरुषाच्या हातात गोळी द्यायची नाही, कारण भाऊ, मेव्हणा, मित्र, हेच आधी ग्लास भरून देणारे. नियम काही वाईट नव्हता. त्यानं खूप घरं वाचली. मी आंधळा नाही.

दिगंबर बार्शीच्या एका बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवायचा. बाजार समितीच्या मागं माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान, वर खोली. तिथं आम्ही दोघं. भाडं वाचतं म्हणून राहतात, असं लोक समजायचे. आम्हीही समजू द्यायचो. बँडवाले पितातच. पण बाकीचे वाजवून दमले म्हणून पितात. दिगंबरचं तसं नव्हतं. प्रत्येक वरातीत नवरदेवाचा कुणीतरी मामा गळ्यात पडून विचारायचाच, "काय दिगूशेठ, तुमचा बार कधी उडवायचा?" दिगंबर हसायचा, तोंडाला ट्रम्पेट लावायचा, आणि वरात संपली की त्या मामाच्या नावानं जादा प्यायचा. गावात मामांची काही कमी नाही.

त्या शुक्रवारी तुम्ही प्रत्येकीला विचारत होतात, नवरा बाटली कुठं लपवायचा? पिठाच्या डब्यात. फ्लशच्या टाकीत. एकीचा तर देव्हाऱ्यामागं. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. ज्या गोष्टीवर घरी रडल्या, त्याच गोष्टीवर तिथं हसत होत्या. मग काकू माझ्याकडं वळल्या.

"ए स्टुलावरचे, तुमच्या मित्राचं काय?"

"ट्रम्पेटच्या पेटीत," मी म्हणालो. "वर मखमल, खाली क्वार्टर. मखमल उचलून पुन्हा चिकटवायचा. रिवायंडिंगला लागणारा माझाच गोंद वापरायचा."

हॉल हसला. तुम्हीही हसलात.

"मग वासानं कळायचं व्हय तुला?" काकूंनी विचारलं.

"वास नाही येत. वेलदोडे खातो. चपलांवरून कळायचं."

"चपलांवरून?"

"शुद्धीत असला की एक चप्पल उंबऱ्यात आणि एक जिन्यात. मला रोज ठेचा लागतात. पण प्यायला की दोन्ही चपला भिंतीशी नीट जोडून ठेवतो. शाळेतल्या पोरासारखा. आपण प्यायलो नाही हे दाखवायला. जोडलेल्या चपला दिसल्या की मी वर जाऊन न बोलता आधी लिंबू कापायचो."

यावर कुणी हसलं नाही. साहेब, तुम्ही पुढच्या बाईकडं वळलात. बायका वळल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

मीटिंग सुटल्यावर नळावर पाणी पीत होतो. काकू मागून आल्या.

"चपलांचं सांगितलंस ते मित्राला कळत नसतं, सोपान."

"काकू, आम्ही खरंच मित्र..."

"व्हय, व्हय. मलाबी आमच्या बापानं मित्रच बघून दिला होता. हळदीला गाव जेवलं." त्यांनी माझा तांब्या काढून घेतला आणि स्वतः पाणी प्यायल्या. "पुढच्या शुक्रवारी हात हलवत येऊ नको. आमच्यात डबा आणायचा असतो."

मी शेंगाची चटणी आणि भाकरी नेली. पुढच्या वेळी वांगी. बायकांनी नावं ठेवून ठेवून सगळं संपवलं. "मीठ जरा हात आखडून घाल." "एवढं तेल? दुकानातलं ग्रीस ओतलंस का काय?" एक तरणी बाई, सुरेखा, तिचा नवरा नुकताच आत आला होता, ती म्हणाली, "दिगूभाऊंचं नशीब बघा. आमच्यात बायकोसाठी कुणी वांगी करत न्हाई, नवऱ्यासाठी आम्हीच करतो." सगळ्या फिस्सकन हसल्या. मी लाजून कढईसारखा तापलो. साहेब, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ह्या गोष्टीवरून चिडवलं आणि माझा अपमान झाला नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. दिगंबर समोरच्या खुर्चीत बसला होता. हातांचा कंप गेला होता, गालावर मांस आलं होतं. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"दिगंबरनं मला सगळं सांगितलंय," तुम्ही म्हणालात. आवाज मऊ. तुमचा आवाज नेहमीच मऊ असतो, शिव्या देणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. "दारू हे वरवरचं लक्षण आहे. मूळ वेगळंच आहे."

"काय मूळ?"

"तुम्ही."

मी मागं वळून बघितलं. मागं भिंतच होती.

"ही पण एक सवयच आहे, सोपानराव. लहान वयात लागते. एक सवय सुटली की दुसरी सुटायला सोपं जातं. ह्यांच्या भावाशी माझं बोलणं झालंय. परांड्याची मुलगी बघितलेली आहेच. सोडल्यावर हे सरळ वैरागला जातील, तोवर गोळी भावजय देईल. लग्न झालं की बायकोच्या हातात."

क्वार्टर, गुटखा, गांजा, आणि त्यांच्या रांगेत मी. मोटारी भरणारा माणूस, महिन्याला चार दिवस पाठ दुखते, असा माणूस एखाद्याची नशा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा काही प्रसंग असता तर मी ते कौतुक समजून घरी गेलो असतो.

"त्या मुलीला सांगणार का?" मी विचारलं.

"काय?"

"की तिला नवरा देताय का औषधाची ड्युटी?"

"आधी संसाराला लागू दे. सगळं जागेवर येतं." तुम्ही त्याच्याकडं वळलात. "बरं व्हायचंय ना, दिगंबर?"

"हो सर," दिगंबर म्हणाला. नवरदेवाच्या मामांना उत्तर द्यायचा तोच आवाज. तोच हसरा चेहरा.

मी बाहेर आलो. तुमच्या केबिनबाहेर चपला काढायची पद्धत होती. माझ्या चपला घालायला वाकलो, आणि शेजारी दिगंबरच्या दिसल्या. भिंतीशी. जोडून. टाचेला टाच लावून.

कित्येक दिवसांत त्याच्या पोटात दारूचा थेंब नव्हता, साहेब. शुद्धीत असताना त्यानं चपला अशा जोडलेल्या मी त्याआधी एकदाच बघितल्या होत्या. त्या वेळी तो थोडक्यात वाचला होता. ह्या वेळी तुम्ही त्याला तिथंच परत पाठवत होतात, त्याच गावात, त्याच विहिरीपाशी, आणि माझं काही चालणार नव्हतं. मी कागदावर कोण? एका खोलीतला मित्र.

शुक्रवारी काकूंना नळावर गाठलं. सगळं सांगितलं. विहिरीचंसुद्धा. त्यांनी मध्ये एकही थट्टा केली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. शेवटी म्हणाल्या, "डबा आणलायस का?"

"काकू!"

"आण. पोट भरलेलं असलं की बोलायला जोर येतो."

सोडायचा कार्यक्रम तुम्ही नेहमी झोकात करायचा. सतरंजी, हार, टेबलावर गोळ्यांची पाकिटं. दिगंबर नवा शर्ट घालून मधे. समोर त्याचा भाऊ भीमराव, पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. वाईट माणूस नव्हता तो. धाकट्या भावाला वाचवायला आला होता, तुम्ही सांगितलेल्या रस्त्यानं. शेजारी त्याची बायको सिंधूवहिनी. एसटीच्या धक्क्यांनी त्यांचा अंबाडा विस्कटला होता, आणि चेहरा असा, की घरी म्हशीची धार कोण काढणार?

"घरातली बाई, पुढं या," तुम्ही म्हणालात.

वहिनी उठल्या. पदर पसरला. तुम्ही पाकिटं टाकलीत. टाळ्या वाजल्या, पण बायकांच्या बाजूनं नाही.

"सर, एक विचारू?" काकू उभ्या राहिल्या.

"कार्यक्रमानंतर, काकू."

"कार्यक्रमाचंच आहे. तुम्हीच शिकवलंय आम्हाला, गोळी त्याच बाईच्या हातात, जिला नवऱ्याचं पिणं न विचारता कळतं. बरोबर?"

"बरोबर."

"वहिनी, राग मानू नका. दिगूभाऊ बाटली कुठं लपवतो?"

सिंधूवहिनींनी नवऱ्याकडं बघितलं. "आमच्या घरी कुठं पितात ते? आमच्याकडं येतच न्हाईत जास्त."

"प्यायला की काय करतो?"

"काय करणार... पडत असतील."

"बघा सर. 'असतील' म्हणतायत. आता त्या स्टुलावरच्याला विचारू का?"

बायकांमध्ये खसखस पिकली. तुमचे कान लाल झाले. "हा कुटुंबाचा प्रश्न आहे," तुम्ही म्हणालात. "तो कुटुंबात सुटेल. लग्न झालं की..."

"दादा," दिगंबर मधेच बोलला.

इतका वेळ तो कुठंतरी भिंतीकडं बघत होता. बायका हसल्या तेव्हा त्याची मान वर आली. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच दिसलं, की त्या हॉलमध्ये आमचं गुपित असं काही उरलेलंच नव्हतं आणि तरी कुणी जागेवरून सरकलं नव्हतं.

"दादा, मागं परांड्याची मुलगी बघून आलो. दुसऱ्या दिवशी मी विहिरीत सापडलो. आठवतंय?"

"घसरला होतास," भीमराव म्हणाला. "प्यायला होतास."

"प्यायलो नव्हतो."

"मग?"

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या हॉलनं बघितलं. मी स्टुलावरून उठलो.

"दादा, तुमची जळलेली मोटार भरून मी बसवायला आलो होतो, पाइप आदल्या संध्याकाळीच बसवला होता," मी म्हणालो. "सकाळी विहिरीवर गेलो. काठावर ह्याच्या चपला होत्या. जोडून ठेवलेल्या. घसरणाऱ्या माणसाच्या चपला पायात असतात, दादा."

भीमरावानं टोपी काढली. डोक्यावर काय आहे हे जणू त्याला तेव्हाच कळलं. काकू हळूच म्हणाल्या, "मग बुडाला कसा न्हाईस रे मेल्या?"

"पाणी लई गार होतं, काकू," दिगंबर म्हणाला. "मोटारीचा पाइप धरला."

"पाइप कुणी बसवला होता?"

"ह्यानंच."

"बघा! कुठं म्हणून सोडत न्हाई हा माणूस." आणि काकू हसता हसता रडायला लागल्या. मग सुरेखा. मग सगळ्याच. नुसता गोंधळ. साहेब, तुम्ही टेबलावर पेन आपटत होतात, शांतता, शांतता.

त्या गोंधळात सिंधूवहिनी तशाच उभ्या होत्या. पदर पसरलेला, पदरात गोळ्या. त्या मऊ आवाजात बोलत नाहीत. गुरांना हाक मारायचाच त्यांचा आवाज आहे.

"सर, तुम्ही म्हणता लग्न केलं की हे बरे होतील. आणि न्हाई झाले, तर ती परांड्याची पोर कुणाच्या विहिरीत जायची?"

तुम्ही काय उत्तर दिलंत? आठवा. मी वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

वहिनींनी तुमच्याकडं पाठ केली. सतरंजीवरून सरळ माझ्यासमोर आल्या. मला वरून खालपर्यंत बघितलं, बाजारात गाय बघावी तसं.

"स्वयंपाक येतो?"

"येतो."

"तेल जास्त घालतो," मागून सुरेखा.

"पदर न्हाई तुम्हाला. शर्ट धरा पुढं." मी शर्टाचा घोळ धरला. त्यांनी सगळी पाकिटं त्यात ओतली. "घ्या, जाऊबाई. सांभाळा आता. मला माझ्या एकाचंच पुरे झालंय."

भीमराव तोंड उघडून बघत होता. वहिनींनी त्याच्याकडं नुसती एक नजर टाकली. त्यानं टोपी पुन्हा घातली आणि म्हणाला, "सणाला दोघं येत जा मग." बस. एवढंच. वैरागचा माणूस, शाळा सातवी.

आणि तुम्ही? तुम्ही उभे राहिलात. "हा पोरखेळ आहे. केंद्राचा सल्ला मान्य नसेल तर ह्या पेशंटची जबाबदारी आमची नाही. पुन्हा इथं यायचं नाही."

"पुन्हा पडला तरी?" काकूंनी विचारलं.

"तरी."

"माझा चार येळा पडला सर. चारी येळा तुम्ही घेतलात."

"तुमची गोष्ट वेगळी, काकू."

काय वेगळं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

दिगंबर पडला. पुढच्याच लग्नसराईत, कुणाच्या तरी मामाच्या पायी. गोळी मी रोज देत होतो. त्यानं चार दिवस जिभेखाली धरून नंतर मोरीत थुंकली. चपला जोडलेल्या दिसल्या तसा मी त्याला रिक्षात घालून तुमच्याकडं आणला. भर दुपार होती. फाटकावरच्या वॉचमननं नाव विचारलं आणि म्हणाला, सरांनी हे नाव सांगून ठेवलंय, घ्यायचं नाही. दिगंबर माझ्या खांद्यावर ओकत होता. काकूंचा नवरा त्या आठवड्यात पाचव्यांदा आत होता. खिडकीतून त्यानं आम्हाला हात केला.

आम्ही सोलापूरला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई चिडक्या होत्या, रांग लांब होती. त्यांनी दिगंबरला विचारलं, "घरी कोण असतं?"

दिगंबरनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हा."

बाईंनी मान वर करून मला बघितलं. "बरं. मग गोळी ह्यांनी द्यायची. पाण्यात विरघळवून, समोर प्यायला लावायची. आणि मन कसं असतं तुझं? झोप लागते का? जीव नको वाटतो का कधी?"

तिथं, रांगेतल्या माणसांसमोर, दिगंबर ढसाढसा रडला. तो आधीच रडला असता साहेब, तुमच्या केबिनमध्येसुद्धा. कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही त्याला कधीपासून पितो, किती पितो, कुणाबरोबर पितो हे सगळं विचारलंत. पण जीव नको वाटतो का, हे तुम्हाला सुचलं नाही. लग्न मात्र सुचलं.

त्याला वेळ लागला. अजून एकदा पडला. मग नाही. वराती त्यानं सोडल्या, आता शाळेच्या बँडमधल्या पोरांना शिकवतो आणि सगळी गल्ली बेसूर करून ठेवतो. सणाला आम्ही वैरागला जातो. सिंधूवहिनी मला भाकऱ्या थापायला बसवतात आणि जाऊबाई म्हणूनच हाक मारतात, चारचौघांत. काकू शुक्रवारी दुकानात येतात, मिक्सर बिघडला म्हणून. एवढा बिघडणारा मिक्सर मी दुसरा बघितला नाही. सुरेखा येते, तिच्या ओळखीनं आणखी बायका येतात. मागच्या वर्षापासून दोन पोरं येतात, जोडीनं. त्यातला एक पितो. दुसऱ्याला आम्ही स्टुलावर बसवतो, पंख्याखाली.

आजही सकाळी जिन्यात मला ठेच लागली. एक चप्पल उंबऱ्यात, एक तिसऱ्या पायरीवर. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो वरून म्हणाला, "ओरडतोस काय, गोळी आण."

तर साहेब, आमच्यात प्रमाण जास्त आहे हे तुम्ही शाल पांघरून सांगितलंत. त्या प्रमाणात तुमच्या फाटकावरून परत पाठवलेले किती? लग्न लावून घरी पाठवलेले किती, आणि त्यातल्या कुणाकुणाच्या चपला काठावर जोडलेल्या सापडल्या? काकूंच्या नवऱ्याला पाचव्यांदा दार उघडलंत, दिगंबरला दुसऱ्यांदा का नाही?

दुकान बाजार समितीच्या मागं आहे. शुक्रवारी या. बायका असतील. चपला कशाही काढा, पण आत येऊन त्यांच्यासमोर सांगा: आमची गोष्ट वेगळी म्हणजे नेमकी काय वेगळी होती?